काका सपरीत आहे आणि तू दारात उभा आहेस

बाबू, तुझा मेसेज दोनदा वाचला, एकदा दुपारी व्हिजिटला जाताना गाडीत आणि एकदा रात्री घरी सगळे झोपल्यावर. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. पोरगा 17 वर्षांचा, बारावी सायन्स, वर्धा जिल्ह्यातलं गाव, घरी कापूस आणि तूर. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. पोरगा सात वर्षांचा असताना काकाने लग्नाला नाही म्हटलं, काहून नाही तेही सांगून टाकलं, की त्याला पुरुषच आवडतात, आणि आबाजींनी त्याच रात्री त्याला घराबाहेर काढलं. दहा वर्षं पुण्यात होता. आता गालाचा कॅन्सर, सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवून झालं, डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. सपरीत, म्हणजे ओसरीत, बाज टाकलीय, आई ताट नेऊन ठेवते, बाबा दारातूनच 'कसं काय' विचारतात. आणि मेसेजच्या शेवटी याने लिहिलंय, ताई मी पण तसाच आहे, कोणालाच माहीत नाही, मरायच्या आधी त्याला सांगू का.

मी आधी ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही तपासणीच्या खोलीत काउन्सेलर होते आणि गेली नऊ वर्षं घरी जाऊन शेवटच्या आजारातले पेशंट बघणाऱ्या टीममध्ये आहे, सगळे मिळून 22 वर्षं झाली. काकासारखी माणसं मला दोन्हीकडे भेटली. बहुतेक बायकापोरांची होती, कोणालाच माहीत नसलेली. तुझा काका खरं सांगून घराबाहेर पडला, अशी फार कमी बघितली.

सांगू का हे पुढे बघू. तू अजून त्याच्या बाजेजवळ गेलेलाच नाहीस. तू लिहिलंस, 'घरी वाटतं वास येतो म्हणून मी जात नाही, पण खरं म्हणजे मला भीती आहे की तिथं बसलो तर माझ्या तोंडावर दिसेल.' असं वाटणं समजते मी. पण तोंडावर काही दिसत नाही रे. आजाऱ्याजवळ बसलेल्या पोराच्या तोंडावर लोकांना फक्त सेवा दिसते. आपल्याकडे घरोघरी गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांचे फोटो आहेत, अशा घरात आजारी माणसाला पाणी पाजणाऱ्या पोराला कोण टोकेल? बाबांच्या मनात 'पोट्टा तिथं बसला तर वळण लागीन' असं असू शकते, मी खूप घरांत ऐकलंय. त्यांच्याशी वाद घालू नको. आईला म्हण, तुझी वेचणी सुरू आहे, चारचं औषध मी देतो. आईला हातभारच लागेल आणि तुला रोज आत जायचं कारण मिळेल.

आता वास. खरंच येतो, लाजायचं कारण नाही, त्यालाही तो येतो आणि कोणी जवळ येत नाही याचं त्याला जास्त दुखते. गालाची जखम उघडी असेल तर सिस्टरला किंवा डॉक्टरला विचार की मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकायची का. साधी स्वस्त गोळी आहे, दोनचार दिवसांत फरक पडतो, घरच्यांना वाटते जादू झाली. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चूळ, जमत नसेल तर बोटाला ओला सुती कपडा गुंडाळून हळूच तोंड पुसायचं. नाकात नळी असेल तर भरवताना पाठीमागे उशा लावून बसता कर आणि नंतर अर्धा तास तसंच राहू दे, नाहीतर ठसका लागतो. वरणाचं पाणी, आंबील, ताक, सगळं गाळून. हे दोन दिवस कर फक्त, काही बोलू नको. दहा वर्षांनी परत ओळख करायला बोलण्यापेक्षा ओला कपडा बरा पडतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

आणि हो, गावात कुजबुज आहे की त्याला 'एड्स झालाय', हेही तू लिहिलंस. गालाचा कॅन्सर आपल्या विदर्भात कशाने होतो हे गावातल्या प्रत्येक पानठेल्याला माहीत आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात धरायचा, खर्रा. पोरं आठवीपासून सुरू करतात. हा कॅन्सर शिवून, ताटातून, कपड्यातून लागत नाही, एचआयव्ही असता तरी तोही असा लागत नाही. चुलत्याची वाटी वेगळी ठेवायची काही गरज नाही, आईला हे तूच सांगू शकतोस, बायोलॉजी शिकतोस म्हणून. (तूही खर्रा खात असशील तर आजच सोड, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, माफ कर.)

पहिलं बोलणं कशावरून काढू असं विचारलंस. तूच लिहिलंय ना की तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल अजून कपाटावर आहे, त्याने रंगवलेला, एक शिंग तुटलेलं. तो घेऊन जा. 'काका, याचं शिंग कधी तुटलं बाप्पा, तुला आठवते का' एवढंच. तो रडला तर रडू दे, पाणी देऊन बसून राहा. नसेल आठवत तरी काही बिघडत नाही. गालाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा बोलणं आधी जाते, जीभ आणि जबडा वळत नाही, मग माणूस पाटीवर किंवा मोबाइलवर लिहून बोलतो, हात थकतो, दोन शब्दांवर येतो. म्हणून त्याच्याकडून ऐकायचं असेल ते आत्ता विचार, परीक्षेनंतर म्हणू नको.

विचारायचं काय? पुण्यातलं विचार. खोली कुठं होती, काम काय, जेवायला कोण असायचं, दिवाळीला कोणाकडे जायचास. तुझ्या घरात या दहा वर्षांबद्दल कोणीच त्याला एक प्रश्न विचारला नसेल, जणू तो दहा वर्षं कुठंच नव्हता. आणि याच्यात तुझाही मतलब आहे. तुझ्या मेसेजमध्ये सरळ लिहिलेलं नाही पण मला दिसते, तू त्या बाजेवर स्वतःलाच बघतोयस, एक दिवस मीही असाच परत येईन, सपरीत, कोणी जवळ न बसता. बाबू, तुझ्या काकाला खर्ऱ्याने मारलं आणि घरातून आबाजींनी काढलं, या दोन गोष्टी तो जसा होता त्यातून आपोआप आलेल्या नाहीत. तो घरातून गेला 2015 ला. तेव्हा 377 कलम पूर्ण जागेवर होतं, दोन मोठ्या माणसांचं राजीखुशीचं नातंही गुन्ह्यात बसायचं. सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला ते काढलं. लग्नाचा हक्क अजून नाही, ऑक्टोबर 2023 मध्ये कोर्टाने ते संसदेवर सोडलं, खोटं कशाला सांगू. पण तू 18 चा होशील तो देश काकाच्या वेळचा नाही. नागपुरात प्राइड, म्हणजे अशा माणसांची मिरवणूक, निघते, तिथं त्यांच्यासाठी काम करणारी सारथी ट्रस्टसारखी संस्था आहे, पुण्यात तशीच समपथिक 2002 मध्ये सुरू झाली, कदाचित काकाला ती माहीतही असेल, विचार. आणि मी सांगितलं म्हणून उद्या एसटीत बसून नागपूरला पळू नको, आधी बारावी, मग स्वतःचे चार पैसे.

दुसरी एक भीती तू अर्धीच लिहून सोडली, 'हे आमच्या घराण्यातच आहे का, त्याच्यामुळे मी असा झालो का.' त्याच्यामुळे नाही. 2019 मध्ये पावणेपाच लाखांहून जास्त लोकांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला, त्यात असं एकही जनुक सापडलं नाही की जे असलं की माणूस असा होतोच. थोडा वाटा जन्माचा, थोडा अजून कळला नाही असा, आणि कोणाच्या मांडीवर बसल्याने किंवा कोणी बैल रंगवून दिल्याने तर नाहीच नाही. हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच आजारांच्या यादीतून काढलं.

आता सांगू का. दोन माणसं सांगते, गाव-ओळख बदलून. एक भाचा होता, तुझ्याएवढाच. मामाला भेटायला पहिल्यांदा आला, दार लावलं आणि सगळं ओतलं, रडला, 'मामा आता माझं कसं होईल' म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेला. पोराचं मन हलकं झालं. मामा मात्र त्यानंतर आठ दिवस झोपला नाही, दुखणं एवढं वाढलं की मॉर्फिन पुरेना, आम्हाला कळेना काय झालं. शेवटी पाटीवर लिहिलं, पोराचं कसं होईल. काळजीने दुखणं वाढते, ही नुसती म्हण नाही, आम्ही रोज बघतो. दुसरा एक पुतण्या होता, त्याने महिनाभर सेवा केली आणि शब्द काढला नाही. काका गेल्यावर वर्षभराने तो माझ्याकडे आला, ताई त्याला माहीत होतं का हो, एवढंच विचारायला. मी काय सांगणार.

म्हणून मी म्हणेन, सांग. पण पहिल्या दिवशी नाही, आणि त्याच्यावर ओझं टाकून नाही. चार-सहा दिवस रोज जाऊन बसल्यावर, एक सकाळ बघ. मॉर्फिनची गोळी चालू असेल तर ती दर चार तासांनी असते, दिल्यानंतर साधारण तासाभराने माणूस सगळ्यात मोकळा असतो, तेव्हा सांग. 'काका, मी पण तुझ्यासारखाच आहे. मी ठीक आहे. तुला माहीत असावं म्हणून सांगितलं.' मधलं वाक्य गाळू नको, त्याला झोप येईल ती त्या वाक्याने. मग गप्प बस. तो कदाचित हसेल, कदाचित हात दाबेल, आणि कदाचित घाबरून 'कोणाला सांगू नको' असं लिहील. हे शेवटचं झालं तर वाईट वाटून घेऊ नको, त्याने एकदा सांगितलं त्याचं काय झालं ते त्याला माहीत आहे, तो तुला वाचवतोय. बहुतेक त्याने ओळखलंही असेल, अशी माणसं एकमेकांना लवकर ओळखतात असं मला माझ्या पेशंटांनीच सांगितलंय.

सांगशील ते कानात सांग, लिहू नको. पाटी पुसायची राहते, मोबाइल दुसऱ्याच्या हातात जातो. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. शेवटच्या दिवसांत पुष्कळ पेशंटांना भ्रम होतो, रात्री बडबडतात, मेलेल्या माणसांशी बोलतात, मनात दाबलेलं बाहेर येते. तो मुद्दाम नाही बोलणार, पण बोलला जाऊ शकते. त्यामुळे तो शुद्धीत आहे, त्याला गोष्ट कळतेय आणि सांभाळता येतेय, तोपर्यंतच सांग. बडबड सुरू झाली असेल तर राहू दे. पार शेवटी, गाढ झोपेत असताना, श्वास थांबून थांबून येत असताना, खोलीत कोणी नसेल तर कानाशी बोलून घे. तेव्हाही ऐकू येत असावं असं आम्ही सगळे धरून चालतो.

सांगितलं नाहीस तरी काही चुकलं असं होत नाही. पाणी तर पाजलंस ना.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते ते, आणि तू ते मेसेजमध्ये एका ओळीत उरकलंस. 'रात्री त्याचा फोन वाजतो, एकच नंबर, आई बंद करून ठेवते.' बाबू, तो नंबर कोणाचा आहे हे काकाला विचार. मित्र असेल, जोडीदार असेल, खोलीभाऊ असेल, मी ठरवत नाही. पण कोणीतरी पुण्यात रोज रात्री फोन लावतोय आणि इकडे घंटा बंद होते. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांना तेरवीनंतर पंधरा दिवसांनी कोणाकडून तरी कळलं की तो गेला. दहा वर्षं ज्याच्याबरोबर ताटात जेवले त्याच्या मयताला नाहीत, खांदा नाही, शेवटचं तोंड बघणं नाही. 2024 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवलं की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता येतो, आणि त्याच वर्षी बँकांचंही स्पष्ट केलं की जोडीदाराबरोबर जॉइंट खातं काढता येते, त्याला नॉमिनी करता येते. चांगलं झालं. पण तुझ्याकडे नातेवाईक आहेत, घर भरून आहेत, म्हणून त्या माणसाला कागद काही देत नाही. त्याला जे मिळेल ते तुझ्या हातून.

तर काय करायचं. दुपारी घरात कोणी नसताना काकाला विचार, 'हा फोन घेऊ का? बोलशील का?' हो म्हणाला तर स्पीकरवर लाव, फोन त्याच्या कानाजवळ उशीवर ठेव, आणि तू बाहेर जाऊन सपरीच्या पायरीवर बस, कोणी येते का बघत. ऐकत बसू नको. काकाला बोलता येत नसेल तर तिकडचा बोलेल, हा हुंकार देईल, तेवढं पुरते. मग विचार, 'काही झालं तर यांना कळवू का, यायला सांगू का.' तो हो म्हणाला तर तो नंबर कुठल्या तरी साध्या नावाने ठेव, 'पुणे क्लासवाले' काहीही. यायचं झालं तर 'ऑफिसातला माणूस भेटायला आलाय' म्हणून यायचं, चहा पिऊन बसायचं, आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेल्याला कोणी हाकलत नाही. नाही म्हणाला तर नाही, त्याचं ते त्याच्याकडे. पैसे, खोलीचं डिपॉझिट, मृत्युपत्र असलं काही त्याला करायचं असेल तर त्यात तू पडायचं नाही, सही करायची नाही, तू 18 चा नाहीस, आणि उद्या घरात भांडण झालं तर सगळे तुझ्याकडे बघतील. ते काम मोठ्यांचं, त्या पुण्याच्या माणसाला सांग की एखाद्या वकिलाला विचार.

दुखण्याबद्दल दोनच गोष्टी. मॉर्फिनला घरचे घाबरतात, 'सवय लागते, लवकर मरते'. डॉक्टरने दिलेल्या मात्रेत कॅन्सरच्या दुखण्याला दिलं तर असं होत नाही, पण पोट साफ होत नाही, म्हणून त्याबरोबर पोट साफ व्हायचं औषध रोज लागतेच. कायदा 2014 ला सोपा झाला तरी तालुक्याला अजून ते सहज मिळत नाही, जिल्ह्याच्या दवाखान्यात किंवा सेवाग्राम-नागपूरला विचारावं लागते, आशाताईला मध्ये घाल. दुसरं, गालाच्या जखमेतून कधीकधी एकदम रक्त जाऊ शकते. सगळ्यांना होत नाही, पण बाजेखाली एक गडद रंगाचा जुना दुपट्टा ठेव, झालं तर त्याला कुशीवर कर, दुपट्टा दाबून धर आणि मोठ्याला हाक मार. पांढऱ्या कपड्यावर रक्त फार दिसते, तोही घाबरतो आणि तूही. आणि याच कारणाने रात्री एकट्याने त्याच्याजवळ झोपायचं नाही, सेवा कर पण रात्रपाळी बाबांची. खरं सांगू, मला बाबांनाही त्या बाजेजवळ आणायचं आहे. तू आत बसायला लागला की तेही दारातून दोन पावलं आत येतील, असं पुष्कळदा होते, नेहमी नाही.

नंतरचं. तू जास्त रडशील, घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त, आणि कोणीतरी विचारेल काहून एवढं. 'मला पोळ्याला बैल करून द्यायचा' हे उत्तर खरं आहे, कोणी पुढे विचारणार नाही. तेरवीच्या पंगतीत कोणीतरी त्याच्याबद्दल घाण बोलेल, हे धरून चाल. तुला उठून ओरडून सांगावंसं वाटेल की मीही तसाच आहे. त्या दिवशी नको. मी एक घर पाहिलं जिथं पोराने असं सांगितलं, घरच्यांनी कॉलेज बंद केलं आणि आधी बाबाजीकडे, मग 'नीट करून देणाऱ्या' दवाखान्यात फिरवलं. असा इलाज नसतो, 2022 पासून डॉक्टरने असं 'बदलवण्याचं' औषध देणं हा नॅशनल मेडिकल कमिशनच्या लेखी गैरवर्तनच आहे, पण पोराचं वर्ष गेलं ते गेलं. तुला सांगायचं तेव्हा तू कमावत असशील, राहायला दुसरी जागा असेल, आणि सांगायला तू निवडलेला एक माणूस असेल. माझा अंदाज, ती आई असेल. घाई नको.

एक सरळ विचारते, आमच्या कामात विचारावंच लागते. तो गेला की मीही जावं असं मनात येते का? येत असेल तर त्यात वेडं काही नाही, पण एकटा ठेवू नको, 14416 वर फोन कर, टेलिमानस, सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, फुकट आहे, रात्री पण चालू, मराठीत बोलतात, घरचं नाव सांगायची गरज नाही. 18 च्या आतला आहेस तर 1098, मुलांची हेल्पलाइन, पण आहे. किंवा मला लिही, मी उशिरा का होईना उत्तर देते.

आणि तूच लिहिलंस की बाबा कापसाचे भाव बघायला तुझाच मोबाइल घेतात. तर हे वाचून झालं की आपलं सगळं बोलणं खोडून टाक, 14416 पाठ कर. आणि उद्या कॉलेजातून येताना मेडिकलमधून कापूस घे आणि किराणा दुकानातून खायचा सोडा, दोन्ही मिळून पन्नास रुपयांच्या आत होते.